डव्हकॉट २.४ आणि सांगलीतली एक हळद पेढी: एन्क्रिप्शन सोपं गेलं, घोडं अडलं दोन प्रतींपाशी

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातली ही पेढी हळदीची. अडतीचा धंदा दोन पिढ्यांचा, निर्यात त्यामानाने अलीकडची. माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्या संगणकांची देखभाल आमच्याकडे आहे.

साठ-पासष्ट मेलबॉक्स आणि स्वतःचा मेल सर्व्हर. एवढ्या पेढीला स्वतःचा सर्व्हर कशाला, असं कोणीही विचारेल. पण निम्मे मेलबॉक्स माणसांचे नाहीतच, ते जागांचे आहेत: भुईकाटा, गोडाऊन, माल रवाना करणारं डिस्पॅचचं टेबल. मेलबॉक्सगणिक महिन्याचं भाडं भरायला थोरले मालक, म्हणजे आबा, तयार नव्हते. शिवाय पंधरा-सोळा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच सर्व्हरवर होता. कुठल्या लॉटवरून कोणाशी काय वाद झाला, हे तिथे सापडतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सर्व्हर तळमजल्यावर होता. यंत्र वाचलं, पण वीज आणि इंटरनेट नसल्याने पेढी कित्येक दिवस जगापासून तुटली. त्यानंतर मुख्य सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला आणि कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर दुसरा ठेवला. दोघांत डव्हकॉट या मेल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची रेप्लिकेशनची सोय जोडली. इकडे मेल आलं की काही क्षणांत तिकडेही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पुराचं पाणी शिरून हळद गेल्याच्या गोष्टी या घरात मुलांना सांगितल्या जातात. ‘माल एका जागी ठेवायचा नाही’ हा तिथला नियम आहे, आणि दोन सर्व्हरची ही जोडी आबांना मनापासून पटलेली एकमेव तांत्रिक गोष्ट होती.

दोन्ही सर्व्हरवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली, डव्हकॉट २.३ आणि मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स ३.५.

अडचण

युरोपातल्या एका खरेदीदाराने पुरवठादारांसाठी सुरक्षेची प्रश्नावली पाठवली. त्यातले तीन प्रश्न मेलचे होते. टीएलएस, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणारी पद्धत; तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद आहेत का? पासवर्ड उघडा, म्हणजे एन्क्रिप्ट न होता, जाऊ शकतो का? साठवलेला मजकूर एन्क्रिप्ट केलेला आहे का? तिन्हींची खरी उत्तरं पेढीला गैरसोयीची होती.

टीएलएस १.० आणि १.१ हे मार्च २०२१ मध्येच अधिकृतपणे कालबाह्य ठरवले गेले. डेबियन ११ सुद्धा मूळ सेटिंगमध्ये ते नाकारतं. इथे मात्र कधीकाळी कोणीतरी मुद्दाम पातळी खाली आणून ठेवली होती. कारण होतं कार्यालयातलं कॉपी-स्कॅनचं जुनं यंत्र. ते कागद स्कॅन करून थेट मेल करायचं आणि त्याला टीएलएस १.० पलीकडचं काही कळत नव्हतं. एका यंत्रासाठी साऱ्या पेढीचं दार अर्धवट उघडं होतं.

त्यात डेबियन ११ चा लांबवलेला आधारही (सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा पुरवठा) ऑगस्ट २०२६ मध्ये संपणार होता. थोडक्यात, हलायचं होतंच. प्रश्न कुठे आणि कधी, एवढाच.

नव्या आवृत्तीत नेमकं काय बदललं

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यासोबत डव्हकॉट २.४. हा आकडा २.३ च्या शेजारचा दिसतो म्हणून फसू नये. जुनी कॉन्फिगरेशन फाइल दिली तर नवा डव्हकॉट चालूच होत नाही. फाइलच्या सुरुवातीलाच दोन ओळी सक्तीच्या आहेत: ही फाइल कुठल्या आवृत्तीच्या भाषेत लिहिली आहे, आणि साठवलेला मेल निदान कुठल्या जुन्या आवृत्तीला वाचता आला पाहिजे. प्रमाणपत्र आणि किल्लीच्या सेटिंगची नावं बदलली. मेल कुठे आणि कोणत्या स्वरूपात ठेवायचा हे पूर्वी एका ओळीत होतं, त्याच्या आता वेगळ्या ओळी झाल्या. टक्क्याच्या खुणेपुढे एक अक्षर लिहून भागायचं, तिथे आता महिरपी कंसात पूर्ण शब्द लागतो.

सगळ्यात घातक बदल दिसायला सगळ्यात किरकोळ आहे. टीएलएसशिवाय पासवर्ड घ्यायचा की नाही, या सेटिंगचा अर्थच उलटा झाला. पूर्वीची सेटिंग विचारायची, ‘उघडा पासवर्ड बंद करायचा का?’ आताची विचारते, ‘उघड्या पासवर्डला परवानगी द्यायची का?’ नुसतं नाव बदलून पुढचं ‘हो’ तसंच ठेवलं की जे बंद होतं ते उघडतं, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. इथे तर जुन्या सर्व्हरवरच ते उघडं होतं, त्यामुळे ओळ नव्याने लिहावी लागली आणि तो सापळा टळला. दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर मी ही ओळ आधी पाहीन.

बाकी बरंच काही चांगलं आहे. एमडी५ या कमकुवत पद्धतीवर आधारलेले जुने पासवर्ड-हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं) मूळ सेटिंगमध्ये चालत नाहीत. टीएलएस १.२ च्या खाली दार उघडत नाही. जुन्या मेलमध्ये शोधण्यासाठी फ्लॅटकर्व्ह नावाचं शोधयंत्र आता डव्हकॉटसोबतच येतं. डेबियन १३ मधल्या ओपनएसएसएल ३.५ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमुळे क्वांटम संगणकांचा धोका लक्षात घेऊन केलेली किल्लीची नवी देवाणघेवाणही आपोआप मिळते.

आणि रेप्लिकेशन काढून टाकलं आहे.

कोणते पर्याय होते

पहिला, जुन्याच सर्व्हरवर जुनं टीएलएस आणि उघडे पासवर्ड बंद करून प्रश्नावलीच्या दोन उत्तरांपुढे बरोबरची खूण करायची. काम तासाभराचं, पण ऑगस्ट २०२६ ला पुन्हा हाच घोळ.

दुसरा, डेबियन १२ वर थांबायचं. तिथे डव्हकॉट २.३ च आहे, म्हणजे कॉन्फिगरेशन जवळजवळ तसंच आणि रेप्लिकेशन शाबूत. लांबवलेला आधार जून २०२८ पर्यंत. हा पर्याय गंभीरपणे विचारात घेण्यासारखा होता आणि आमच्यातल्या एकाचं मत शेवटपर्यंत याच बाजूचं होतं.

तिसरा, आहे त्याच यंत्रावर ११ वरून १२ आणि १२ वरून १३. डेबियनमध्ये मधली पायरी गाळता येत नाही. शेवटच्या पायरीवर डव्हकॉट उठणार नाही हे माहीत असताना चालू सर्व्हरवर हे करणं म्हणजे भरल्या गाडीचं चाक बदलणं. हा लगेच बाद केला.

चौथा, शेजारी कोरा डेबियन १३ उभा करून मेल तिकडे न्यायचा.

पाचवा, एखाद्या मोठ्या कंपनीची तयार मेलसेवा घ्यायची. धाकटे मालक याच मताचे होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: ‘हे सगळं आपण का करतोय?’ मेलबॉक्सगणिक भाड्याचा हिशेब मांडल्यावर विषय मागे पडला. पण पेढीत माणसांचे मेलबॉक्स जास्त आणि जागांचे कमी असते, तर मी स्वतः याचीच शिफारस केली असती.

पहिला निर्णय: दोन प्रतींचं काय

खरी निवड दुसऱ्या आणि चौथ्या पर्यायात होती, आणि ती एन्क्रिप्शनवर ठरणारी नव्हती. टीएलएसच्या बाबतीत डेबियन १२ सुद्धा पुरेसं होतं. रेप्लिकेशन सोडायचं का, हा प्रश्न होता.

आबांनी बैठकीत सरळ विचारलं, “नवीन घ्यायचं आणि पुराची सोय घालवायची, ह्यो कुठला शहाणपणा?”

त्याला उत्तर देण्याआधी त्या सोयीने आजवर काय दिलं ते पाहिलं. २०२१ च्या पुरात कार्यालय बंद होतं, पण माणसं घरून मोबाइलवर मेल पाहत होती. ते शक्य झालं मुंबईच्या सर्व्हरमुळे. रेप्लिकेशनचा त्यात वाटा नव्हता. उलट, एकदा डिस्पॅचवर कोणीतरी एक आख्खा फोल्डर पुसला, तेव्हा रेप्लिकेशनने आपलं काम चोख केलं: दुसऱ्या सर्व्हरवरूनही तो काही क्षणांत पुसला. दोन प्रती असूनही परत आणायला काहीच नव्हतं. तो प्रसंग आबांना नीट आठवत होता, पण रेप्लिकेशनशी त्यांनी तो जोडला नव्हता.

मग प्रश्न वेगळा विचारला. मुंबईचा सर्व्हर बसला तर मेल किती वेळ बंद राहिलेलं चालेल? सौद्याच्या दिवसांत, म्हणजे हळद बाजारात येते त्या जानेवारी ते मे या काळात, अर्धा दिवस. एरवी एक दिवस. हे उत्तर मिळाल्यावर वाट मोकळी झाली. कारण सर्व्हर बंद असला म्हणून येणारा मेल लगेच हरवत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची आहे. क्षणाक्षणाला जुळणारे दोन सर्व्हर पेढीला लागत नव्हते. लागत होती ती थोडी मागे असलेली, पण हाती धरता येणारी प्रत.

डव्हकॉट २.४ मध्ये रेप्लिकेशनची सेवा गेली असली, तरी एका सर्व्हरवरून दुसरीकडे मेलबॉक्स जुळवून घेण्याची आज्ञा शिल्लक आहे. ठरलं असं: कार्यालयातला सर्व्हर दर पंधरा मिनिटांनी मुंबईकडून एकाच दिशेने प्रत ओढेल. ही प्रतही मूळाबरहुकूम असल्याने तिकडे पुसलेलं इकडेही पुसलं जाणार. म्हणून रोज रात्री तिची वेगळी साठवण, आणि ती महिनाभर जपायची.

ज्याचं मत डेबियन १२ च्या बाजूचं होतं त्याचा आक्षेप असा: चालणारी गोष्ट मोडून आपण स्वतः लिहिलेल्या टायमरवर विसंबतोय, आणि टायमर गुपचूप बंद पडतात. आक्षेप रास्त होता. त्यावर उपाय म्हणून प्रत तासाभरापेक्षा मागे पडली तर दोघांच्या मोबाइलवर संदेश जाईल अशी तपासणी बसवली, आणि ती कार्यालयातल्या सर्व्हरवर न ठेवता मुंबईच्या सर्व्हरवर ठेवली. कार्यालयाची वीज गेली की कार्यालयातलं यंत्र तक्रार कुठून करणार?

दुसरा निर्णय: साठवलेला मेल आणि पासवर्ड

प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न वाचून धाकटे म्हणाले, “सगळंच एन्क्रिप्ट करून टाका.” डव्हकॉटमध्ये त्यासाठी मेल-क्रिप्ट नावाचं प्लगइन बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यात सर्व्हरची एक सामायिक किल्ली ठेवता येते किंवा प्रत्येकाची वेगळी, पासवर्डने बंद केलेली.

त्याच सुमारास जुन्या हॅशमुळे बऱ्याच जणांना नवे पासवर्ड द्यायचे होते. दिवाणजींनी फोन करून एकच गोष्ट विचारली, “पासवर्ड बदलला म्हंजे जुनं मेल जाणार न्हाई न्हवं?” आम्ही नाही म्हणालो, आणि त्या उत्तराने मेल-क्रिप्टचा निकाल जवळपास लागला. कारण प्रत्येकाची किल्ली त्याच्या पासवर्डने बंद असती, तर विसरलेला पासवर्ड नुसता बदलून देता आला नसता. मेल सर्व्हरवर असतं, पण कोणालाही उघडता आलं नसतं. या पेढीत दर महिन्याला कोणी ना कोणी पासवर्ड विसरतो.

सामायिक किल्ली ठेवली तर ती त्याच सर्व्हरवर राहणार. शिवाय प्लगइन नव्याने साठवला जाणारा मेल एन्क्रिप्ट करतं, आधीचा ढीग तसाच राहतो. म्हणून मेल ज्या डिस्कवर राहतो ती पूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट केली. यात चालू सर्व्हरमध्ये घुसणाऱ्याला अडवता येत नाही. डिस्क किंवा तिची प्रत कोणाच्या हाती पडली तरच या एन्क्रिप्शनचा उपयोग. प्रश्नावलीत अगदी याच शब्दांत उत्तर लिहिलं. सर्व्हर पुन्हा चालू झाला की सांकेतिक वाक्य कोणीतरी हाताने द्यावं लागतं, ही त्याची किंमत. ते वाक्य दोन बंद पाकिटांत आहे: एक पेढीच्या तिजोरीत, एक आमच्याकडे.

पासवर्डसाठी कमकुवत हॅश चालू ठेवण्याची सेटिंग २.४ मध्ये आहे. ती वापरली नाही. टेबलाटेबलाला जाऊन पासवर्ड बदलून दिले. कंटाळवाणं काम, पण पुढच्या निर्णयाची माहिती त्यातूनच मिळाली.

तिसरा निर्णय: जुनी यंत्रं

नव्या ओपनएसएसएलमध्ये टीएलएस १.० चालू ठेवायचं तर सुरक्षेची पातळी शून्यावर आणावी लागते. तो विषय तिथेच संपला. पण बंद केल्यावर कोणाचं अडेल? आबा म्हणत होते फक्त स्कॅनरचं. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वेगळं सांगत होता. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्हींच्या लॉगमध्ये प्रत्येक जोडणीची टीएलएस आवृत्ती नोंदवायला लावली आणि दोन आठवडे तसंच चालू दिलं. महिनाअखेरही त्यात येईल असं पाहिलं.

स्कॅनर दिसलाच. त्याशिवाय भुईकाट्याचा विंडोज ७ वाला संगणक, जो गाडीच्या वजनाची पावती मेल करतो. एका भागीदाराच्या घरचा असाच जुना संगणक, ज्याचा कोणी उल्लेखही केला नव्हता. आणि गोडाऊनमधला एक मोबाइल, जो टीएलएस न वापरता चक्क उघडा पासवर्ड पाठवत होता.

विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं, फक्त मुळात बंद असतं; रजिस्ट्रीत चालू करता येतं. घरच्या संगणकावर तसं केलं. भुईकाट्याच्या सॉफ्टवेअरला मात्र ते मानवेना, ते स्वतःची जुनी लायब्ररी बाळगून होतं. स्कॅनरसाठी मेलऐवजी नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये कागद टाकायचा पर्याय पाहिला, पण त्याला एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिलीच आवृत्ती येत होती. एक जुनं दार बंद करायला दुसरं त्याहून वाईट दार उघडण्यात अर्थ नव्हता.

शेवटी कार्यालयात एक छोटा लिनक्स डबा बसवला. त्यावर फक्त पोस्टफिक्स. तो स्कॅनर आणि भुईकाटा या दोनच पत्त्यांकडून मेल घेतो आणि पुढे टीएलएस १.३ ने मुंबईला देतो. इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. नवा स्कॅनर घेणं अधिक सरळ होतं, पण पुढच्या आर्थिक वर्षात, असं ठरलं.

प्रत्यक्ष बदल

वेळ निवडली दिवाळीनंतरची, २०२५ च्या नोव्हेंबरमधली. पाऊस संपलेला, नव्या हळदीचे सौदे अजून लांब.

कोऱ्या सर्व्हरवर कॉन्फिगरेशन पहिल्यापासून लिहिलं. मेल चालू असतानाच प्रतीची पहिली फेरी केली, मग एका शनिवारी रात्री जुना सर्व्हर थांबवून उरलेलं उचललं. साठवणुकीच्या आवृत्तीची ओळ मुद्दाम २.३ च्या आकड्यावर ठेवली, म्हणजे गरज पडली तर जुना सर्व्हर तोच मेल वाचू शकेल.

एक गोष्ट मात्र आधी तपासली नसती तर सोमवारी सकाळी गोंधळ उडाला असता. डिस्पॅचचं टेबल पॉप३, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत, वापरतं, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण करून. असा प्रोग्रॅम कुठलं मेल आधीच उतरवलं आहे हे प्रत्येक मेलच्या खुणेवरून ओळखतो. ती खूण कशी बनवायची हे सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या सर्व्हरवर ती मूळ पद्धतीची नव्हती. कधीकाळी दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून येताना बदललेली होती. चाचणीच्या मेलबॉक्सवर दोन्हीकडून खुणांची यादी मागवली. जुन्यावर १२४३८२९१०४.३१७ अशा धाटणीच्या खुणा. बिंदूआधीचा आकडा म्हणजे तो मेलबॉक्स तयार झाल्याची वेळ, जून २००९ मधली एक सकाळ. बिंदूनंतरचा, त्या मेलचा क्रमांक. नव्यावर सोळा अक्षरांची सलग माळ. म्हणजे डिस्पॅचच्या संगणकाला सगळंच मेल नवं वाटलं असतं आणि चौदा जीबी पुन्हा उतरायला लागलं असतं. जुनी सेटिंग नव्या भाषेत लिहिली, याद्या पुन्हा मागवल्या, दोन्ही फाइली ओळीला ओळ जुळल्या, मगच पुढे गेलो.

काय झालं

सोमवारी आलेले बहुतेक फोन पासवर्डचे होते. भुईकाट्याच्या पावत्या दुपारपर्यंत अडकल्या, कारण त्या संगणकात सर्व्हरचं नाव न देता जुना आयपी पत्ता लिहिलेला होता. प्रश्नावली गेली आणि खरेदीदाराने स्वीकारली.

लॉगमध्ये आता काही मोठ्या मेलसेवांशी होणाऱ्या जोडण्यांवर एमएलकेईएम७६८ हे नाव दिसतं. ओपनएसएसएल ३.५ मधून आलेली हीच ती नवी देवाणघेवाण. त्यासाठी कोणी काहीही केलेलं नाही. तिची जाहीर किल्लीच १,१८४ बाइटची असल्याने पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि जुने फायरवॉल त्यावर अडखळू शकतात. आम्हाला तसं काही दिसलं नाही.

आबांना शोध आवडला. २०१४ चा एका लॉटचा वाद त्यांनी स्वतः शोधून दाखवला. पूर्वी असा शोध लावून चहाला जावं लागायचं.

वेगळं काय करता आलं असतं

लॉग पाहण्याचे दोन आठवडे सगळ्यात आधी हवे होते, पर्यायांच्या बैठकीच्याही आधी. ‘फक्त स्कॅनर’ या समजावर बैठकीतला बराच वेळ गेला. त्याच लॉगमधून कुठली यंत्रं आयपी पत्त्याने येतात हेही काढता आलं असतं: चाचणीसाठी सर्व्हरच्या नावाचा रोख तासभर दुसरीकडे वळवायचा आणि जुन्या पत्त्यावर कोण येत राहतं ते पाहायचं.

डेबियन १२ ची बाजू आजही पूर्ण पडलेली नाही. जिथे दोन्ही सर्व्हरवर लोक एकाच वेळी काम करतात, तिथे एका दिशेची प्रत पुरणार नाही. तिथे २०२८ पर्यंत थांबून शांतपणे दुसरी व्यवस्था शोधणं मला अधिक पटेल.

पाण्याचा खरा सराव अजून व्हायचा आहे. मुंबईचा सर्व्हर बंद करून कार्यालयातल्या प्रतीवर पेढी उभी करायची, असा एक शनिवार मे महिन्यासाठी ठरवला आहे, सौदे ओसरल्यावर आणि पावसाच्या आधी. तो पार पडेपर्यंत साठवणुकीची ओळ २.३ वरच राहील आणि जुना सर्व्हरही भाड्यावर राहील. त्याचं भाडं कशाला, हे धाकट्यांनी दोनदा विचारून झालं आहे. आबांनी एकदाही विचारलेलं नाही.